एवढं मात्र पक्कं

बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेली विशाखा सातपूरच्या त्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत मोठमोठ्याने पाठ करायची, "जगात सगळ्यावर संशय घेता येतो. पण संशय घेणारा 'मी' आहे, एवढं मात्र पक्कं!"

एकदा नेमकं तेव्हाच दार वाजलं.

"कोण?" भाकरी थापता थापता आईने विचारलं.

"मी!" कारखान्यातून आलेले बाबा बाहेरून म्हणाले. नाव सांगायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

आई खुदकन हसली. "एवढ्यासाठी कॉलेजात जातेस होय गं? हे तर तुझे बाबा रोज दारात उभे राहून सांगतात!"

"अरे, आधी दार तर उघडा!" बाबा ओरडले, आणि मायलेकी आणखीच हसत सुटल्या.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा विशाखा बाळाला कडेवर घेऊन, न कळवताच माहेरी आली. दार वाजवलं.

"कोण?"

"मी!"

आत भांडं पडलं. धावतच आलेल्या आईने दार उघडलं, क्षणभर विशाखाच्या मागे रिकाम्या गल्लीत पाहिलं. मग बाळाला उराशी घेत हळूच म्हणाली, "नाव सांगत जा गं बाई. या दारात अजून 'मी' म्हणजे तेच."