विचारणारा माणूस

“तुम्हाला काय वाटतं फिलिपा, मी खरंच मुलगा आहे का?” रोवनने समोर बसलेल्या समुपदेशक बाईंना सरळच विचारलं.

रोवन पंधरा वर्षांचा. जन्माच्या दाखल्यावर मुलगी, गेलं दीड वर्ष स्वतःला मुलगा म्हणवणारा. म्हणवायचा खरा, पण मनाची घालमेल काही थांबत नव्हती. बॅलरॅट शहरातल्या या मानसोपचार केंद्रात तो सहा वेळा आला, तो कुणीतरी आपल्याशी नीट बोलावं म्हणून.

फिलिपाला विचारायचं पुष्कळ होतं. हे कधीपासून वाटतंय? आरशात बघतोस तेव्हा काय होतं? कशाची भीती वाटते? वीस वर्षं तिने दुसरं केलं काय होतं? पण आपण मुलगा की मुलगी याबद्दल मुलांचं मन बळजबरीने वळवणाऱ्यांना तुरुंगात धाडणारा कायदा आला, आणि पाठोपाठ तिच्या ओळखीतल्या एका समुपदेशकाविरुद्ध तक्रार झाली. खोटी निघाली, पण दोन वर्षांनी. तोवर बिचाऱ्याचं काम बसलं होतं.

“अगं, विचारायला बंदी नाहीये,” तिची वरिष्ठ मार्गो वैतागून म्हणाली होती. “वळवायला आहे. कायदा वाच तरी नीट.”

“वाचलाय. तक्रार करणारा वाचून करतो का?”

झालं. फिलिपाबाईंनी तोंडाला कुलूप घातलं. उरलं ते वकिलाने तपासून दिलेलं एक वाक्य.

“तुला जे वाटतं तेच बरोबर, रोवन.”

“हे तर तुम्ही दर वेळी म्हणता,” तो म्हणाला. जाकीट उचललं आणि गेला.

तीन महिन्यांनी आला तो आपले कागद न्यायला. केस नीट विंचरलेले, चेहरा शांत. फिलिपाला हायसं वाटलं.

“आता आईच्या चर्चमधल्या पास्टरांकडे जातो,” तो म्हणाला. “ते सगळं विचारतात, दोन-दोन तास. मी बरा होईन म्हणतात. फक्त बाहेर बोलायचं नाही. कायदा आहे ना.”

ज्याला अडवायला कायदा केला, त्याच्याच दारात पोराला फिलिपाने आपल्या हाताने नेऊन सोडलं होतं. खड्ड्यात गेली ती तक्रार, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

“रोवन, बस. मला सांग, तुला स्वतःला काय वाटतं?”

रोवनने जरा विचार केला.

“पास्टरांना विचारून सांगतो.”