शंभराच्या पुढे

चारशे मीटरच्या शर्यतीत तोंड कधी उघडायचं, हे कामरान सरांनी सयाजीला दोनदा बजावलं होतं.

"सयाजीराव, शेवटच्या वळणावर जाऊन उभे राहा. पोरगी तिथं आली की मग काय ओरडायचं ते ओरडा. त्याआधी एक शब्द नाही."

"व्हय," सयाजी म्हणाला, आणि सवयीनं सुरुवातीच्या रेषेच्या जरा पुढंच कठड्याला पोट टेकून उभा राहिला. त्याला कोण हलवणार? शर्यत बघायची तर सुरुवातीपाशीच, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं.

रेषेवर वाकून त्याची तेजस्विनी पाय जमवत होती. आतापर्यंत ती शंभर मीटर पळायची, आणि शंभर मीटर सयाजीला कळायचं. सरांचं म्हणणं, पोरीची खरी ताकद चारशेत आहे. सयाजीला ते काडीइतकं पटलं नव्हतं. पण पोरगी हट्टाला पेटली, तेव्हा बापलेकीत ठरलं: आज पहिल्या दोघींत येऊन राज्य स्पर्धेला निवड झाली तर चारशे. नाही झाली, तर मुकाट्यानं पुन्हा शंभर.

सयाजीचं सगळं तरुणपण घाटात गेलं होतं. घाट म्हणजे बैलगाड्याच्या शर्यतीची चढाची पट्टी. पुढं घोडी, मागं बैल, आणि गाडा सुटला की बघता बघता बारी, म्हणजे ती एक दौड, संपलेली. जीव राखून पळणं हा प्रकारच तिथं नव्हता. बैल जुंपून झाले की सयाजी घसा फाडून 'भिर्रर्र' करायचा. बैल उधळायचेच, पण काठावर उभी असलेली एवढीशी तेजूसुद्धा फ्रॉक सावरत गाड्यामागं सुटायची. तिला धरून आणायला दोन माणसं लागायची, आणि सगळा घाट हसायचा. काय दिवस होते ते! मग शर्यतींवर बंदी आली, बैल खेडच्या पाव्हण्याकडं गेले. बंदी उठेपर्यंत चऱ्होलीच्या शिवारातल्या त्या घाटावर इमारती उभ्या राहिल्या होत्या. आता सयाजीच्या दोन बस चाकणच्या कंपनीत माणसं पोचवतात. घरात कशाला कमी नाही. पण बसला काही भिर्रर्र करता येत नाही.

पिस्तूल वाजलं. तेजस्विनी सुटली. सरांनी शिकवल्याप्रमाणं ती बेतानं निघाली होती, आणि सयाजीला तो बेत बघवला नाही. पोरगी समोर आली आणि त्याच्याही नकळत त्याच्या छातीतून ते बाहेर पडलं.

"भिर्रर्रर्र!"

पोरीनं मान खाली घातली आणि जी मुसंडी मारली, ती वळण संपेस्तोवर सगळ्यांच्या पुढं. पलीकडच्या सरळ पट्टीत तर तिच्या आसपास कोणी नव्हतं. सयाजीचा ऊर भरून आला. शेजारच्या अनोळखी माणसाला तो म्हणाला, "आपली हाय." त्याच्या हिशेबानं बारी झाली होती. टाळीसाठी त्यानं हात उचललेसुद्धा, आणि मग त्याच्या लक्षात आलं की पोरी अजून पळतायत.

कामरान सर मैदानाच्या मधून धावत आले. "काय केलंत राव हे? अजून अर्धी बाकी आहे."

सयाजी कठड्याच्या कडेकडेनं पळत सुटला. शेवटच्या वळणावर तो धापा टाकत पोचला, तेव्हा तेजस्विनीचे खांदे वर चढले होते, पाय चिखलातून ओढल्यासारखे निघत होते. आता ओरडायची खरी वेळ होती, आणि त्याच्या तोंडून चकार शब्द फुटेना. डोळ्यांदेखत एक पोरगी तिच्या पुढं गेली. सरळ पट्टीत दुसरीनं तिला गाठलं. तेजस्विनी थांबली नाही. ओठ दातात धरून ती एकेक पाऊल उचलत राहिली, आणि रेषेवर जेमतेम छातीभर मागं राहून तिसरी आली. रेषेपलीकडं ती जमिनीवर कोसळली.

सयाजीनं पंचांना न जुमानता आत घुसून तिला बगलेत धरून उठवलं. बारी झाल्यावर जनावराला उभं ठेवत नाहीत, तेवढं त्याला ठाऊक होतं.

"बसायचं न्हाई. चाल."

दोघं मैदानाच्या कडेनं हळूहळू चालू लागली. मध्येच ती थांबून ओकली. त्यानं तिची वेणी मागं धरली आणि पाण्यानं तिचं तोंड धुतलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"माजं चुकलं, बाळा. सर बजावून सांगत हुते."

"तुमचा आवाज आला आणि मला राहवलं नाही, आण्णा. लहानपणी तरी कुठं राहवायचं?"

तिचा श्वास जरा जागेवर आला, तशी ती खाली बघत म्हणाली, "आता ठरल्याप्रमाणं शंभरच ना?"

सयाजीनं मान हलवली. "न्हाई."

ती चालता चालता थांबली.

"आमचे बैल लई पळायचे, तेजू. पर दम संपायच्या आधी बारी संपायची. उभ्या जल्मात दम संपल्यावर पळलेलं मी आज पयल्यांदा बघितलं."