वकिलांच्या आईची साक्ष

वकिलांनी माइक हातात घेतला आणि टेबलावरच्या यंत्राकडे बोट दाखवलं.

"माणसाला खरंच मरायचंय की कोणी त्याच्या मनात भरवलंय, हे यापुढे हा डबा ठरवणार म्हणे."

सभागृहात हशा पिकला. डबा दिसायला साधाच होता, पांढरा, टोस्टरएवढा. असाध्य आजारात ज्याला डॉक्टरांच्या मदतीने मरण हवं असेल, त्याच्याशी आजवर दोन डॉक्टर बोलत आणि इच्छा त्याची स्वतःची आहे याची खात्री करून घेत. नव्या कायद्यात ते काम या यंत्राकडे जाणार होतं, आणि त्यावरच आज ही जाहीर सभा होती, शेवटी मतदान. ते प्रश्न विचारायचं, आवाज आणि नाडी जोखायचं. माणूस मनातलं बोलला की हिरवा दिवा, दडपणाखाली बोलला की लाल. ते बनवणारी तरुण इंजिनीअर शेजारीच उभी होती. तिने बराच वेळ चाचण्यांचे आकडे वाचून दाखवले होते आणि लोकांनी जांभया दिल्या होत्या.

वकिलांनी आकड्यांना हातच घातला नाही. ते म्हणाले, "माझी आई समोर बसली आहे. विचारा तिला. होऊन जाऊ द्या."

गडी मुरलेला होता. हिरवा लागला तर सुखी म्हातारपणाला यंत्र कशाला हवं, असं ते म्हणणार. लाल लागला तर यंत्र खोटं. दिवा कुठलाही लागो, डाव त्यांचाच होता.

पहिल्या रांगेतून सुनेने सासूला उठवलं, दंडाला धरून पायऱ्यांपर्यंत आणलं आणि कानाशी काहीतरी सांगितलं. लोकांना ते फार गोड वाटलं. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

इंजिनीअरने खुर्ची पुढे ओढली. मनगटाला पट्टी बांधावी लागेल म्हणाली. म्हातारीने स्वेटरची बाही अगदी दोन बोटं वर केली. तेवढ्यातही हिरवट-निळा डाग दिसला. या वयात कातडी पातळ होते, जरा लागलं तरी रक्त साकळतं, असं मनाशी म्हणत इंजिनीअरने पट्टी त्याच्या खाली, सैल बांधली. दुखतंय का, विचारलं. म्हातारीने नुसती नकारार्थी मान हलवली.

यंत्राचा आवाज मऊ होता, शाळेतल्या चांगल्या बाईंसारखा. त्याने आधी वय विचारलं, मग झोप लागते का ते विचारलं. लागत नाही, म्हातारी म्हणाली. हिरवा.

"घरात पोटभर जेवायला मिळतं का?"

"मिळतं ना. न मिळायला काय झालं?"

लाल.

पहिले हसले ते वकील. मग सगळेच सुटले. पाठीमागून एकजण ओरडला, "अहो, आजींना पथ्य असेल, डब्याला सांगा कोणीतरी!"

इंजिनीअरने बटणं तपासली, पट्टी जरा घट्ट केली.

"घरात तुम्हाला कोणाची भीती वाटते का?"

म्हातारीने पहिल्या रांगेकडे पाहिलं. सून मांडीवर पर्स धरून बसली होती. हसत होती.

"भीती कसली? सोन्यासारखी माणसं आहेत माझी."

लाल.

आता लोकांना चांगलीच गंमत वाटू लागली. वकील आईच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. "आई, याला कमी ऐकू येतं वाटतं. मोठ्याने सांग. सुखी आहेस ना?"

"सुखी आहे."

लाल.

"अजून मोठ्याने."

"सुखी आहे मी!" तिचा आवाज चिरकला. दिवा लालच राहिला. लोक डोळे पुसत हसत होते, म्हणून तीही हसली. वकिलांनी हात वर करून सभागृह शांत केलं. मग खालच्या पट्टीत, एकेक शब्द सोडत म्हणाले, की माझ्या आईच्या तोंडावर तिला खोटं ठरवणाऱ्या या डब्याच्या हाती तुम्ही तुमच्या आईचं जगणं-मरण द्याल का? पुढचं टाळ्यांत ऐकू आलं नाही. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. यंत्राच्या बाजूने मोजून चार हात वर झाले, त्यातले दोन इंजिनीअरच्या कंपनीतल्यांचे.

वकील खाली उतरले. लोकांनी त्यांना गराडा घातला, हात मिळवले, फोटो काढले. एक बाई तर रडत होत्या. असा मुलगा पोटी यायला पुण्याई लागते, म्हणत होत्या.

वर मंचावर इंजिनीअर पट्टी सोडवत होती. कित्येक वर्षांची मेहनत मातीत गेली, एवढंच तिच्या मनात होतं. मग पट्टी निघाली, बाही आणखी वर सरकली, आणि आत कोपरापर्यंत काय आहे ते तिने पाहिलं.

म्हातारीने सावकाश बाही खाली ओढली.

"आजी," इंजिनीअर हळूच म्हणाली, "यंत्र बिघडलेलं नाहीये."

"ठाऊक आहे गं मला."

"मी बोलू का? आत्ता लोक आहेत. अध्यक्ष आहेत."

सून पायऱ्यांशी येऊन उभी राहिली होती. तिने हात पुढे केला होता. म्हातारी खुर्चीच्या कडेला धरून उठली.

"बिघडलंय असंच सांग, बाळ," ती म्हणाली. "मला यांच्याबरोबरच घरी जायचंय."