पहिला घोट लहानाचा

"आधी तू," काका म्हणाले.

"आज आधी तुम्ही," पुतणी म्हणाली.

टेबलावर एकाच टाकीतल्या बिअरचे दोन ग्लास होते. काकांच्या कारखान्यात चाखण्याचा रिवाज ठरलेला होता. पहिला घोट लहानाचा, शेवटचा शब्द मोठ्याचा. मोठ्याने आधी मत दिलं की लहान नुसता नंदीबैलासारखा मान हलवतो, असं काकांचं म्हणणं.

पुतणीला आज तीच सोय हवी होती. तिला वास येणं बंद होऊन तीन महिने झाले होते. साधा ताप आला, उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. जिभेला कडू-गोड कळायचं, बाकी सगळं पाणी. तिने कुणाला सांगितलं नाही. बिअर बनवणाऱ्या बाईने हे बोलून दाखवायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा.

नेहमीच्या बिअरचं निभावून गेलं. कृती ठरलेली, मापं ठरलेली. घोट घ्यायचा, काकांच्या चेहऱ्याकडे बघायचं, भुवई वर गेली की "छान" म्हणायचं. फक्त हल्ली वेळ फार लागायचा. पूर्वी दोन मिनिटांत उरकणारं चाखणं आता पंधरा मिनिटं चालायचं. दोघं घोट तोंडात धरून गप्प बसायची.

ही बिअर मात्र नवी होती, तिची स्वतःची. बिअरला कडवटपणा आणि वास देणारी हॉप्सची फुलं तिने वहीत आठ किलो लिहिली होती. तेवढी टाकली, टाकीवर वाकली, वास नाही. आणखी चार टाकली. मग आणखी पाच, पुन्हा पाच. काहीतरी येईलच, या हट्टाने ती बावीस किलोंपर्यंत गेली. "प्रयोग आहे," असं तिने कामगारांना सांगितलं. एकाने झाकण उघडून डोळे पुसले, तर तो तिने शुभशकुन मानला.

काका आज निवृत्त होत होते. बिअर पास झाली तर उद्यापासून चाखण्याची खोली तिची. नाही झाली तर टाकी गटारात आणि बिअर बनवणारा मुख्य माणूस बाहेरून आणायचा, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. अकरा वर्षं ती या खोलीसाठी राबली होती. मागे हटायचं नाही, हे तिने सकाळीच ठरवलं होतं.

"शेवटचा दिवस तुमचा, मान तुमचा," ती म्हणाली.

"मान राहू दे. घोट घे."

शेवटी दोघांनी एकदमच ग्लास उचलले. कडूजहर. तिची जीभ आक्रसली, पण चेहरा तिने हलू दिला नाही. ती काकांकडे बघत राहिली. काका तिच्याकडे बघत राहिले. ग्लासातला फेस बसला. बाहेर बाटल्या भरणारा माणूस दोनदा दारावर टकटक करून गेला.

आता काय व्हायचं ते होवो, असं मनाशी म्हणून ती हसली.

काकांच्या भुवया लगेच वर गेल्या. "वा," ते म्हणाले. "संत्र्याची साल. मागून ओलं गवत."

"हो ना. मलाही आधी सालच जाणवली."

"फार मोकळा वास आहे गं. पास. भरा म्हणावं बाटल्या." त्यांनी खिशातून खोलीची किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली.

तिला रडू येईल इतका आनंद झाला. किल्ली हातात घेतली आणि मग तिच्या लक्षात आलं. उद्या काका नसणार. समोरची खुर्ची रिकामी असणार. उद्या बघायचं कुणाकडे?

"काका," ती म्हणाली, "हे मला असं नको. मला तीन महिने कसलाच वास येत नाही. मी तुमचा चेहरा बघून सांगत होते."

काकांनी ग्लास सावकाश खाली ठेवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तीन महिने?" ते म्हणाले. "मग इतके दिवस मी कुणाचा चेहरा बघून बिअर पास करत होतो?"