चारी बाजूंनी फोटो

परक्या मुलुखात गाडी चालवायला लागल्याच्या पहिल्याच वर्षी मास्तरांच्या गाडीसमोर एक सायकलवाला आडवा आला आणि पडला. चूक त्याची होती, पण मास्तरांनी धावत जाऊन त्याला उचललं, दहा वेळा ‘सॉरी’ म्हटलं, आणि तिथेच फसले. सॉरी म्हणालात म्हणजे चूक कबूल केलीत, असं कोर्टाने धरलं आणि दोन वर्षांसाठी लायसन्स गेलं.

तेव्हापासून आपल्याकडचा कुणीही नवा ड्रायव्हर कंपनीत आला, की मास्तर त्याला कँटीनमध्ये समोर बसवून पढवायचे. "आधी चारी बाजूंनी फोटो. मग ऑफिसला फोन. तोंडाला कुलूप. आणि पडलेला माणूस तुझा सख्खा भाऊ असला, तरी पोलीस येईपर्यंत हात लावायचा नाही. भल्याची दुनिया राहिली नाही, बाबा!"

काल मास्तर कंपनीच्या गेटमधून पायी बाहेर पडत होते, तेवढ्यात रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या एका व्हॅनने त्यांना आडवं केलं. पाय मोडला, चष्मा कुठल्या कुठे उडाला. व्हॅनमधून घाबराघुबरा होऊन उतरला, तो त्यांचाच सगळ्यात हुशार चेला.

"अरे, बघतोस काय नुसता? हात दे मला!" मास्तर कळवळून ओरडले.

 

चेल्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ओठ घट्ट मिटलेले होते, आणि तो मास्तरांना वळसा घालून चौथ्या बाजूचा फोटो काढत होता.