साहेबांचा पेनड्राइव्ह

मशीनची सुई जीपारच्या नवऱ्याच्या डोळ्यांपर्यंत आली होती. कपाळ झालं होतं, भुवया झाल्या होत्या. टकटक करत तो काळ्या दगडावर वरून खाली उमटत होता आणि जीपार स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत होती. उद्या त्याचं वर्षाचं जेवण. सगळं गाव थडग्यावर येणार. आज संध्याकाळपर्यंत दगड उभा राहायला हवा होता.

तेवढ्यात हे दगड कोरून देणाऱ्या बुरुलचाचा जावई मेदेर पाणीखात्याच्या शार्शेन साहेबांना घेऊन आत शिरला. तो त्यांच्याच हाताखाली नोकरीला. बाहेर ट्रकवर साहेबांनी बिश्केकहून आणलेला दगड होता, आरशासारखा गुळगुळीत. त्यांच्या आईसाठी.

"आपा, साहेबांना घाई आहे. फोटो यात आहे." मेदेरने पेनड्राइव्ह दोन्ही हातांनी पुढे केला, नव्या सुनेने सासऱ्याला चहा द्यावा तसा.

बुरुलचाने तो दोन बोटांत धरला. चिकट होता. तिने तो टेबलावर टाकून दिला.

"हा दगड होऊ दे. मग पुढच्या मशीनवर लावू."

पुढचं मशीन म्हणजे दारापाशी ठेवलेला म्हातारा कॉम्प्युटर. आल्यागेल्याचं सगळं त्याच्या पोटात जायचं, आणि बंद केला की तो सगळं विसरून पहिल्यासारखा कोरा व्हायचा. त्याच्यावर फोटो कागदावर छापून घ्यायचा आणि तो कागद स्कॅनरवर ठेवून सुईच्या मशीनला दाखवायचा. कागदातून रोग जात नाही. सुईच्या मशीनला इंटरनेट नव्हतं, आणि पेनड्राइव्हच्या भोकांवर बुरुलचाने स्वतःच्या हाताने चिकटपट्टी लावली होती.

साहेब हसले. "एवढा सोवळेपणा कशाला, आपा? अँटिव्हायरस बसवा. सगळं जग बसवतं."

"बसवला होता. या जावईबापूंनीच आणला. चोवीस तास पहारा देतो म्हणाले. एकदा सुई चालू असताना पहारेकऱ्याला सगळ्या घराची झडती घ्यायची लहर आली. मशीन अडकलं, आणि जुमाबाय आजोबांच्या कपाळावर आडवी रेघ उठली. त्यांची सून अजून मला बघून रस्ता बदलते. पहारेकरी ठेवण्यापेक्षा मी दारच बुजवलं."

"म्हणजे मी रांगेत बसायचं?"

"मेलेला माणूस बसलाय ना तुमच्या पुढे."

पण पाहुणा तो पाहुणा. त्याच्यापुढे नान आणि चहा न ठेवता कामाचं बोलणं बुरुलचाच्या घराण्यात झालेलं नव्हतं, मग तो कितीही डोळ्यांत सलो. ती आत चहा ओतायला गेली.

तिसरा प्याला भरताना टकटक बदलली. सुई पुढे सरकत नव्हती. एकाच जागी ठोकत होती.

ती धावत बाहेर आली. जीपार उभी होती, दोन्ही हात तोंडावर. डाव्या डोळ्याखाली, गालात, सुई खड्डा पाडत चालली होती. साहेबांचा पेनड्राइव्ह सुईच्या मशीनला लागलेला होता, आणि मेदेरच्या बोटाला चिकटपट्टी लोंबत होती.

बुरुलचाने विजेची पिन ओढली.

"साहेबांना किती ताटकळत ठेवायचं..." मेदेर पुटपुटला. "नुसता फोटो बघत होतो."

"लाळ पूस आधी."

जीपार जवळ आली. तिने खड्ड्यावर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं. "नीट होईल ना, आपा?"

"मशीन होईल. याची अख्खी नक्कल दुसऱ्या डिस्कवर करून ठेवलीय. ती बसवली की तासाभरात चालू. दगडाला दुसरा गाल नाही बसवता येत, पोरी." मग ती साहेबांकडे वळली. "माझ्याकडे दुसरा दगड गुरुवारशिवाय येत नाही. तुमचा उतरवा. तो हिला द्या. गुरुवारचा तुम्ही घ्या."

साहेबांची मान लाल झाली. "तो माझ्या आईचा दगड आहे. माझी आई कोण होती माहीत आहे तुम्हाला? बाजारातला कुठलातरी दगड तिच्या डोक्याशी लावू?"

"बघू तरी कोण होती."

तिने पेनड्राइव्ह उपटला आणि दाराजवळच्या म्हाताऱ्या मशीनला लावला.

पडदा हळूहळू भरला. छोट्या छोट्या चौकटी, चार ओळी, पाच ओळी, वर सरकवलं तरी संपेनात. मांड्या, छात्या, उघडी तोंडं. सगळे फुकट उतरवून घेतलेले सिनेमे. आणि त्यांच्या मधोमध एका चौकटीत पांढरा रुमाल बांधलेली एक म्हातारी, समोर बघणारी.

जीपारने मान फिरवली. मेदेर छताकडे बघू लागला. रोग कुठला ते आता कुणाला विचारायला नको होतं.

"हीच ना?" तिने विचारलं. "इथे ठेवलीत होय आईला?"

साहेब पुढे झाले आणि त्यांनी पडद्यावर पंजा ठेवला. एका पंजात त्या सगळ्या बाया मावणाऱ्या नव्हत्या. त्यांनी आईचे डोळे झाकले.

"ड्रायव्हरला सांग," हात न काढता ते मेदेरला म्हणाले, "दगड उतरव म्हणावं."