तक्ता क्रमांक तीन

‘हे संशोधन समस्त मानवजातीच्या कल्याणासाठी समर्पित आहे,’ असं शोधनिबंधाच्या पहिल्याच ओळीत छापलं होतं. तो निबंध मांडीवर घेऊन संशोधक दवाखान्याच्या बाकावर बसला होता. मानवजातीतल्या एका विशिष्ट माणसाचं वाट्टोळं करायला आपला नंबर कधी लागतो, याची वाट पाहत होता. त्याचा नंबर बारा होता. आत सात चालू होता.

निबंध वृषणाच्या पिळाबद्दल होता. वृषण आपल्याच देठाभोवती पीळ खातं, रक्त तुटतं, आणि पीळ सोडवला की परत धावून आलेलं रक्तच त्याला आतून जाळतं. कुंपणावर उगवणाऱ्या, शेळीही तोंड न लावणाऱ्या एका झुडपाच्या पानांचा अर्क ही जाळपोळ थोपवतो, हे त्याने नऊ वर्षं खपून उंदरांवर सिद्ध केलं होतं. भाचे त्याला उंदीरमामा म्हणत.

पण निबंधाचा खरा प्राण होता शेवटच्या पानावर, ऋणनिर्देशात. तिथे डॉक्टरांचं नाव, पदवी, दवाखान्याचा पत्ता आणि पुढे लिहिलं होतं: ‘माझ्या चौदाव्या वर्षी यांनी गॅसचं निदान करून मला गुलाबी औषध दिलं नसतं, तर माझं डावं वृषण वाचलं असतं आणि मी या विषयाकडे वळलोच नसतो. मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.’ संपादकाने दोनदा विचारलं होतं, हे राहू द्यायचं का? त्याने दोनदा कळवलं होतं, बाकी हवं ते काढा, हे ठेवा.

तसं उजवं शाबूत होतं. त्याच्या भरवशावर दोन मुलीही झाल्या होत्या. तक्रारीला फारशी जागा नव्हती. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ कापून बरणीत गेला होता.

बारा नंबर पुकारला. तो आत गेला आणि दार मुद्दाम उघडं ठेवलं. बाहेरच्यांनाही ऐकू जायला हवं होतं. ऐंशीच्या घरातल्या डॉक्टरांसमोर उभं राहून त्याने ऋणनिर्देश खणखणीत आवाजात वाचला. आरशासमोर तीन आठवडे सराव केला होता.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “छापलंय? माझं नाव?”

“पत्त्यासकट.”

“अरे, ऐकलंस का!” डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारली. “आपल्याकडचं पोरगं शास्त्रज्ञ झालंय आणि माझे आभार मानतंय. पन्नास वर्षांत पहिलंच!”

बाहेरच्या बाकावर अंगठ्याला पट्टी बांधलेले एक गृहस्थ होते. त्यांनी टाळी वाजवायला घेतली. ती जमेना म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली.

“हे आभार नाहीत!” संशोधक ओरडला. “चुकलात तुम्ही! दुखायला लागल्याबरोबर आलो होतो मी तुमच्याकडे. चार तास असतात, चार! हा बघा, तक्ता क्रमांक तीन. चार तासांत पीळ सोडवून अर्क दिला, की वाचतं. आणि तुम्ही मला बाटली देऊन घरी पाठवलंत!”

मांडीवरची थाप थांबली. डॉक्टरांचा चेहरा हवा तसा उतरला. नऊ वर्षांचं सार्थक झाल्यासारखं संशोधकाला वाटलं.

“साल कुठलं?” डॉक्टरांनी हळूच विचारलं. “आणि महिना?”

डॉक्टरांना एक खोड होती. ते केसपेपर कधी फाडत नसत. कंपाउंडर स्टुलावर चढला, माळ्यावरच्या बुटांच्या खोक्यांपैकी एक काढलं आणि शिंकत शिंकत खाली उतरला. पिवळा पडलेला कागद निघाला. स्वतःचं अक्षर लावायला डॉक्टरांना वेळ लागला.

“‘मुलगा, वय चौदा. पोटदुखी, ओकाऱ्या. सोबत आत्या. खाली कुठे दुखतं का? नाही म्हणतो. आत्यास बाहेर पाठवून पुन्हा विचारले. नाही. चड्डी सोडू देत नाही, हात झटकतो. दुखणे सुरू...’” डॉक्टर थांबले. त्यांनी कागद फिरवून त्याच्यापुढे सरकवला. “पुढचं तूच वाच बाबा.”

त्याने मनात वाचलं. ‘दुखणे सुरू: काल सकाळी, शाळेत. आत्ता वेळ: अकरा.’

वर्गातला शेवटचा बाक त्याला आठवला. मांडीवर दप्तर दाबून धरलेला तो अख्खा दिवस. पोरांना कळलं तर जन्मभराचं टोपणनाव पडलं असतं. घरी आल्यावरही आईने ‘कुठे दुखतंय?’ विचारलं, तेव्हा बोट बेंबीवरच ठेवलेलं.

दार अजून उघडंच होतं. तेरा नंबरची बाई बाळाला थोपटायचं विसरून आत बघत होती. संशोधकाने जाऊन दार लावून घेतलं.

“उंदीर बरे,” डॉक्टर म्हणाले. “लाजत नाहीत. मीही जरा हट्ट धरायला हवा होता, ते माझं चुकलंच.” मग त्यांनी निबंध हातात घेऊन तिसरा तक्ता शोधला. आकडे बारीक होते. “मला काही दिसत नाही रे. तूच सांग, तुझ्या उंदरांत असा एक दिवस उलटून गेलेला कोणी होता का?”

होते. आठ होते. तक्ता क्रमांक तीन, शेवटची ओळ. अर्क दिलेल्या चौघांत आणि नुसतं पाणी दिलेल्या चौघांत काहीही फरक आढळला नव्हता.